गाडीतल्या कॉम्प्युटरची डिस्क पुन्हा पुन्हा जातेय? नवी घेण्याआधी जुनीचे आकडे वाचा

तक्रार अशी असते: गाडीत बसवलेला कॉम्प्युटर सुरू होतो, गाणं लागतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी मधेच अडकतं. स्क्रीन गोठते. बंद करून चालू केलं की दोन-चार दिवस ठीक चालतं. मग एका सकाळी बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश येतो आणि काळ्या स्क्रीनपुढे आपण बसून राहतो. नवी डिस्क टाकायची, सगळं परत भरायचं, आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा तेच. माझ्या गाडीत दोन वर्षांत अशा तीन डिस्क गेल्या. चौथी गेले अकरा महिने, एक अख्खा पावसाळा धरून, नीट चालली आहे. या दोन्हींच्या मधे जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आता ओळखीतले चौघं-पाचजण येऊन गेले आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता, "कुठली डिस्क घेऊ?" आधीची कशाने गेली हे कुणीच पाहिलेलं नव्हतं.

आधी माझ्याकडची मांडणी. भांडुपला राहते, गाडी साधी हॅचबॅक. शेजारच्या सीटखाली मिनी-आयटीएक्स बोर्ड (छोट्या आकाराचा कॉम्प्युटरचा मदरबोर्ड), समोर सात इंची टचस्क्रीन, पुढे एक कॅमेरा आणि मागे रिव्हर्सचा एक. हा खटाटोप बाबांच्या कॅसेटसाठी आहे. १९७८ साली टू-इन-वन घरात आला तेव्हापासून बाबा रेडिओवरचं शास्त्रीय गाणं आणि नाट्यसंगीत टेप करत आले. साडेपाचशे कॅसेट. त्या मी तीन वर्षं रात्री बसून उतरवून घेतल्या, फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घालवणारा फाइलचा प्रकार) साधारण २०० जीबी झाल्या. गायक, राग, तारीख, तबल्यावर कोण, अशी बाबांच्या वहीतली सगळी नोंद त्याला जोडली आहे. दर शनिवारी त्यांना दादरला घेऊन जाते तेव्हा ते नुसतं "तो अर्धवट राहिलेला मारवा लाव" म्हणतात आणि मागच्या सीटवरून माझी लेक तो शोधून लावते. पेनड्राइव्हवर गाणी वाजतील, ही वही चालणार नाही. म्हणून कॉम्प्युटर, आणि म्हणून डिस्कचा एवढा जीवाला घोर.

पहिली डिस्क गेली तेव्हा सगळ्यांनी खड्ड्यांना बोल लावला. मीही लावला. रोज एलबीएस मार्गाने जाणाऱ्याला दुसरं काय सुचणार? म्हणून दुसरी डिस्क चांगली जाड फोममध्ये गुंडाळून ठेवली. ती पहिलीपेक्षा लवकर गेली. तिसरी सीटखालून काढून डिकीत नेली. तिने तर तीन महिनेही काढले नाहीत.

तिन्ही डिस्क मी फेकल्या नव्हत्या. एका रविवारी त्या घरच्या कॉम्प्युटरला एकेक करून लावल्या आणि स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढले. त्या दुपारी जे दिसलं त्यानेच पुढचं सगळं ठरलं.

स्मार्टचे आकडे कसे वाचायचे

प्रत्येक डिस्क स्वतःची वही ठेवते. लिनक्सवर स्मार्टसीटीएल आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो ती वही उघडून दाखवतात. क्रिस्टलमध्ये क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या मोजणीत, दिसतात, म्हणून दोन्ही देते. डिस्क यूएसबी डबीतून लावली असेल तर काही डब्या ही माहिती पुढे जाऊ देत नाहीत. तेव्हा डिस्क थेट बोर्डावरच्या साटाच्या (डिस्क जोडायच्या) खाचेत लावा. आणि रकान्यांत ज्याला रॉ व्हॅल्यू म्हणतात तीच बघा.

१२, म्हणजे ०सी: डिस्कला किती वेळा पॉवर मिळाली. १९२, म्हणजे सी०: पॉवर अचानक जाऊन डिस्कचं वाचणारं-लिहिणारं डोकं किती वेळा घाईने मागे घ्यावं लागलं. १९७, म्हणजे सी५: वाचता न येणारे, निकालाची वाट बघत असलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे लिहिण्याचे छोटे तुकडे. ५, म्हणजे ०५: कायमचे बाद करून बदललेले सेक्टर. १९४, म्हणजे सी२: तापमान, आणि बऱ्याच डिस्क आजवरचं कमाल तापमानही सोबत ठेवतात. १९१, म्हणजे बीएफ: बसलेले धक्के, पण हा फक्त काही लॅपटॉप डिस्कवर असतो. १९९, म्हणजे सी७: डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या केबलवर झालेल्या चुका.

माझ्या पहिल्या डिस्कवर १२ क्रमांकाचा आकडा २,९०० च्या वर होता. ती सात महिने चालली होती, म्हणजे दिवसाला जवळजवळ चौदा वेळा चालू-बंद. मी बोटांवर मोजलं: घर, ऑफिस, मधे एखादं काम, शिवाय लांबलचक सिग्नलला इंजिन बंद करायची सवय. कितीही ताणलं तरी सातच्या पुढे जाईना. दुप्पट कुठून येतंय? १९२ चा आकडाही तेवढाच होता. म्हणजे जवळपास प्रत्येक वेळी डिस्कच्या पायाखालची सतरंजी ओढली जात होती. १९७ वर ४८ सेक्टर अडकलेले, पण ५ वर शून्य.

हे शेवटचं जोडपं नीट समजून घ्या, कारण यावर पैसे वाचतात. लिहीत असताना पॉवर गेली की सेक्टर अर्धवट लिहिला जातो. पुढच्या वेळी डिस्क तो वाचायला जाते, हिशेब जुळत नाही, आणि ती त्याला "बघू नंतर" म्हणून बाजूला ठेवते. त्या जागेच्या पत्र्याला, म्हणजे आतल्या फिरत्या चकतीला, काहीही झालेलं नसतं. त्यावर नव्याने लिहिलं की सेक्टर बरा होतो. मी सगळी डिस्क शून्यांनी भरून काढली, सहा तास लागले, आणि १९७ चा आकडा ४८ वरून शून्यावर आला, ५ शून्यच राहिला. ती डिस्क मेलेलीच नव्हती. आज ती घरी बॅकअपच्या डबीत रोज चालते.

दुसरीची कथा निराळी. कमाल तापमान ६६. या डिस्कच्या कागदावर चालू असतानाची मर्यादा ६० अंश लिहिली होती. ५ वर तीनशेच्या वर बाद सेक्टर. माझ्या जाड फोमने तिला उबवून मारलं होतं. शिवाय १९९ वर अकराशेच्या वर चुका, म्हणजे केबल ढिली. गाणं मधेच अडकायचं ते बहुतेक त्या केबलपायी.

तिसरी खरोखर धक्क्यांनी गेली. १९१ चा आकडा फुगलेला आणि ५ रोज वाढता, नाइलाजाने कानाला लावली तर आतून टक्... टक्... टक्, मग फिरणं मंदावून पूर्ण थांबे, आणि पुन्हा पहिल्यापासून. असा आवाज आला की डिस्क ताबडतोब बंद करा. आत डोकं पत्र्यावर घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला डेटा खरवडला जातो.

तीन डिस्क, तीन वेगळी कारणं. खड्ड्यांनी गेली ती एक, आणि तीही मी डिकीत ठेवली म्हणून.

दुप्पट कुठून येतंय

याचं उत्तर आमच्या वायरमनकाकांनी एका वाक्यात दिलं. मी गाडी घेऊन गेले, आकडे दाखवले. ते म्हणाले, "ताई, सेल्फ मारताना टेप क्षणभर बंद पडतो ना, तेच तुमच्या कॉम्प्युटरचं होतंय."

चावी पहिल्या खाचेत आली की एसीसीच्या वायरला करंट मिळतो, टेप आणि लायटरचं सॉकेट जिवंत होतं. माझा कॉम्प्युटर याच वायरवर होता. पुढे चावी स्टार्टपर्यंत नेली की बहुतेक गाड्या एसीसीची वायर मुद्दाम तोडतात, सगळा करंट स्टार्टरला मिळावा म्हणून. इंजिन लागलं, चावी मागे आली, की करंट परत. म्हणजे गाडी सुरू करण्याच्या एका कृतीत डिस्कला पॉवर मिळते, ती फिरायला लागते, पॉवर जाते, पुन्हा मिळते. सातचे चौदा इथे झाले. बंद करतानाही चावी काढली की थेट अंधार. कॉम्प्युटरला शटडाउन म्हणजे काय हे माझ्या गाडीत कधी कळलंच नव्हतं.

व्होल्टेजही मोजलं. मल्टिमीटर किमान-कमाल धरून ठेवणारा घ्या, साधा मीटर स्टार्टरच्या त्या अर्ध्या सेकंदाला पकडत नाही. इंजिन बंद असताना १२.५, सेल्फ मारताना ८.७ पर्यंत घसरण, इंजिन चालू झाल्यावर १४.२. आपण सहज "गाडीचे बारा व्होल्ट" म्हणतो, प्रत्यक्षात ते बारा कधीच नसतात. साडेतीन इंची डेस्कटॉप डिस्कला १२ व्होल्टची वायर लागते आणि तिची सहनशक्ती दहा टक्के, म्हणजे १३.२ पर्यंत. घरगुती अडॅप्टरवर चालणारे छोटे पॉवर सप्लाय बऱ्याचदा आलेले बारा व्होल्ट तसेच पुढे ढकलतात. ते गाडीत लावले की डिस्कला १४.२ जातात. अडीच इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, तो एक धोका तिला कमी.

उपाय म्हणजे गाडीसाठीच बनवलेला पॉवर सप्लाय. मी एम४-एटीएक्स लावला, तो ६ ते ३० व्होल्ट काहीही आलं तरी आत स्थिर १२ आणि ५ देतो. त्याला तीन वायरी: एक बॅटरीवरून कायमची, एक अर्थ, आणि एक इग्निशनची, जी फक्त "चावी लागली आहे का" एवढंच कळवते. सेल्फ मारताना कॉम्प्युटर कायमच्या वायरवर असल्यामुळे हलत नाही. चावी काढली की सप्लाय ठरवलेला वेळ थांबतो, मग बोर्डाच्या पॉवर बटणाला इशारा देतो, कॉम्प्युटर सावकाश शटडाउन होतो, आणि त्यानंतरच करंट तुटतो. शटडाउनला मी एक मिनिट दिला आहे आणि त्याआधीचा थांबा पाच मिनिटांचा. मुंबईत पाच मिनिटं हवीतच. पवईच्या सिग्नलला इंजिन बंद केलं तर कॉम्प्युटर बंद होऊ नये, गाणं चालू राहावं. माझा बोर्ड आणि स्क्रीन मिळून तीनेक अँपिअर खातात, पाच मिनिटांचा बॅटरीवर काहीच भार नाही.

भार पडतो तो उभ्या गाडीचा. कॉम्प्युटर बंद न करता स्लीपमध्ये ठेवला आणि तो ०.१ अँपिअर खात राहिला, तर पंधरा दिवसांत ३६ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची असते. गणपतीला गाडी बिल्डिंगखाली ठेवून रेल्वेने कोकणात जाऊन आलात तर परत आल्यावर धक्का मारावा लागेल. म्हणून पूर्ण शटडाउन, आणि बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास आली की सप्लायने सगळं तोडावं, ही सोय चालू ठेवा.

दोन गोष्टी वायरमनला आवर्जून सांगा. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी हवा, कॉम्प्युटरच्या टोकाशी लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही आणि वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागते. आणि सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावायचा नाही, ते एअरबॅग आणि सीटबेल्टचे असतात.

पॉवर नीट झाल्यावर मी पहिलीच, "मेलेली" डिस्क महिनाभर पुन्हा गाडीत लावून पाहिली. १९२ चा आकडा एकानेही वाढला नाही.

ऊन, धक्के, पाणी

ऑक्टोबरात बाहेर ३४ अंश असताना उघड्या पार्किंगमध्ये दोन तास उभ्या गाडीत मी थर्मामीटर ठेवले. डॅशबोर्डवर ७१, डिकीत ५२, सीटखाली ४७. फिरणारी डिस्क स्वतःच्या उष्णतेने भोवतालपेक्षा दहा-पंधरा अंश वर जाते. म्हणजे डिकीतून निघालं तर साठी ओलांडायला वेळ लागत नाही, डॅशबोर्डचं तर नावच नको. सीटखाली एसीची थंड हवा पायाशी येते तीही मिळते. एसीची झोत थेट डिस्कवर मात्र सोडू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत थंड पत्र्यावर जसं पाणी सुटतं तसं तिथेही सुटतं.

धक्क्यांच्या बाबतीतही सीटखालची जागा सरस. दोन चाकांच्या मधोमध गाडी कमी उसळते, मागच्या चाकांच्या मागे, डिकीत, सर्वांत जास्त. स्पीडब्रेकरवरून जाताना बसच्या मागच्या बाकावर आपण कसे उडतो ते आठवा. डिकीत सबवूफर असेल तर त्याची थरथर वेगळी.

फिरणाऱ्या डिस्कच्या आत काय चाललेलं असतं ते डोळ्यांपुढे आणलं की हे पटतं. ५,४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते आणि वाचणारं डोकं तिच्यावर हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. आपला केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. एवढ्या फटीत पेव्हर ब्लॉकचा रस्ता आणायचा.

विक्रेते शॉकचा आकडा दाखवतात: लॅपटॉप डिस्कला चालू असताना ३०० ते ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितके पट), डेस्कटॉप डिस्कला ६०-७० जी. यावरून साडेतीन इंची डिस्क गाडीत घेऊ नये हे नक्की ठरतं. पण तीनशेच्या आकड्यावर निर्धास्त राहू नका, तो दोन मिलिसेकंदांच्या एका टिचकीचा आहे. गाडीत सलग थरथर असते, आणि चालू असताना सहन होणाऱ्या कंपनाचा आकडा त्याच कागदावर खाली कुठेतरी असतो, साधारण १ जी. गाडीसाठी तो आकडा बघा.

फिरणारी डिस्क लावायचीच असेल तर ती कडेवर उभी बसवा. गाडीचे धक्के खालून वर येतात. डिस्क आडवी असेल तर ते डोक्याला थेट पत्र्यावर आपटतात, उभी असेल तर पत्र्याला समांतर जातात. खाली रबरी बुश लावा, चारही बाजूंनी फोम भरू नका. आणि झाकणावर जे बारीक छिद्र असतं, ज्याच्याजवळ झाकू नका असं लिहिलेलं असतं, त्यावर टेप येऊ देऊ नका. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब त्यातूनच सारखा होतो.

केबल लोखंडी खटक्याची घ्या. साधी साटा केबल घर्षणावर अडकलेली असते, गाडीत ती दोन महिन्यांत सैल होते. माझी दुसरी डिस्क काढली तेव्हा कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट डाग होते, खाडीजवळच्या ऑफिसच्या पार्किंगमधल्या खाऱ्या हवेचे. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून बघा, तेवढ्याने १९९ वाढायचा थांबला तर डिस्क निर्दोष.

पाण्याबद्दल थोडक्यात. सीटखाली म्हणजे कार्पेटवर नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसा दिवस विरळा, पण हिंदमाता किंवा मिलन सबवेला गुडघाभर पाणी आम्ही दरवर्षी बघतो आणि ते दाराच्या रबरातून आत येतं. मी सीटच्याच फ्रेमला एक पट्टी मारून डबी जमिनीपासून चार इंच वर टांगली आहे.

मग डिस्क कुठली

एवढं सगळं केल्यावर माझं मत स्पष्ट आहे: अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर लिहिणारी डिस्क, टीएलसी जातीची (एका खणात तीन बिट ठेवणारी), ५०० जीबी किंवा १ टीबी. फिरणारं काही नाही, डोकं नाही, कंपनाची भीती नाही, आणि बहुतेकांची मर्यादा ७० अंशांची असते, फिरणाऱ्या डिस्कपेक्षा दहा जास्त. एसएसडी रबरावर ठेवू नका, चारही स्क्रू घट्ट आवळा.

एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावरच बसणारी जास्त वेगाची एसएसडी, का नाही? वेगाचा गाडीत काही उपयोग नाही, आणि बंद डबीत ती तापून स्वतःच मंदावते. बोर्डावर एम.२ ची खाच असेल आणि केबलच नको असेल तर घ्या, पण तिच्यावर थर्मल पॅड लावून उष्णता डबीच्या पत्र्यापर्यंत पोचवा.

एसएसडीचा खरा शत्रू पॉवर. कुठली माहिती कुठे ठेवली याचा नकाशा ती सतत बदलत असते, आणि तो लिहिताना करंट गेला तर स्वस्तातली एसएसडी अख्खीच्या अख्खी दिसेनाशी होते. म्हणूनच वरचं पॉवरचं प्रकरण आधी, खरेदी नंतर. ज्यांना गाडीची वायरिंग बदलणं शक्य नाही, भाड्याची किंवा कंपनीची गाडी आहे, त्यांनी पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेली, म्हणजे करंट गेला तरी हातातलं लिहून संपवण्यापुरता आत कपॅसिटर असलेली सर्व्हरवाली साटा एसएसडी शोधावी. महाग पडते, पण अशा गाडीत तिचे पैसे वसूल होतात. एखादी एसएसडी अशी गायब झालीच तर लगेच टाकू नका. डेटा केबल काढून नुसती पॉवर देऊन अर्धा तास ठेवा, थोडा वेळ बंद करून पुन्हा तसंच करा. काही एसएसडी तेवढ्यात आपला नकाशा परत जुळवतात.

"कॅमेऱ्याचं सतत लिहिणं एसएसडीला खाऊन टाकेल" ही भीती हिशेब करून बघा. १५ एमबीपीएसचा (सेकंदाला १५ मेगाबिट लिहिणारा) एक कॅमेरा तासाला पावणेसात जीबी लिहितो. दिवसाला तीन तास म्हणजे २० जीबी, वर्षाला जास्तीत जास्त साडेसात टीबी. ५०० जीबीच्या चांगल्या टीएलसी एसएसडीची हमी ३०० टीबी लिहिण्याच्या आसपास असते. गाडी आधी भंगारात जाईल. तरीही मी कॅमेरा वेगळ्या, जास्त लिहिण्यासाठी बनवलेल्या मेमरी कार्डवर ठेवला आहे, कारण कॅमेऱ्याचं लिहिणं आणि बाबांचं गाणं एकाच डिस्कवर मला नको. गाण्यांचं पार्टिशन रीड-ओन्ली लावलेलं आहे. त्यावर काही लिहिलंच जात नसल्यामुळे करंट गेला तरी अर्धवट लिहिलेली फाइल तिथे सापडणार नाही. नवीन कॅसेट उतरवली की घरी भरून आणते.

फिरणारी डिस्क एकाच कारणासाठी घ्यावी, चार-पाच टीबी लागत असतील तर. तेव्हा अडीच इंची आणि ५,४०० फेऱ्यांची. पोर्टेबल डिस्क फोडून आतली वापरायचा विचार असेल तर आधी चौकशी करा, काहींच्या आत साटाची खाच नसते, यूएसबी थेट बोर्डाला डकवलेली असते, आणि ते छोटं यूएसबी कनेक्टर गाडीत टिकत नाही. उणे ३० ते ८५ अंश सोसणाऱ्या खास गाडीसाठीच्या डिस्क असतात, पण त्या गाड्यांच्या कारखान्यांना जातात, दुकानात मागून मिळत नाहीत. आणि लडाखला गाडी नेणार असाल तर फिरणारी डिस्क घरी ठेवा. डोकं हवेवर तरंगतं, आणि बहुतेक डिस्कची मर्यादा तीन हजार मीटरच्या आसपास आहे. लेह साडेतीन हजारांवर आहे.

खरेदी मी लॅमिंग्टन रोडला केली. दुकानदाराने आधी "मॅडम, ही दोन टीबी घ्या, हिच्यापेक्षा स्वस्त" म्हणून एक अनोळखी नावाची एसएसडी पुढे केली. एक टीबीच्या निम्म्या भावात दोन टीबी मिळत असेल तर आत बहुतेक छोटी चिप आणि खोटा आकडा असतो. कुठेही घेतलीत तरी घरी आल्यावर आधी लिनक्सवर एफ३ किंवा विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवून डिस्क पूर्ण भरून वाचून घ्या, कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी बघा, आणि १२ चा आकडा पहा. नवीन डिस्कवर तो बराच मोठा असेल तर ती बहुतेक आधी कुणाच्यातरी घरी राहून आली आहे, परत करा.

गाडीतल्या डिस्कला बॅकअप समजू नका. चिप उन्हात, करंटशिवाय पडून राहिली की तिच्यातला चार्ज लवकर गळतो. बाबांच्या कॅसेटची मूळ प्रत घरी साडेतीन इंची डिस्कवर आहे, दुसरी पुण्याला ताईकडे. गाडीत आहे ती फक्त ऐकायची.

आता महिन्याच्या पहिल्या तारखेला पेट्रोल भरतानाच आकडे काढते आणि डायरीत लिहिते. अकरा महिन्यांत ५ शून्य, १९९ शून्य, कमाल तापमान ५८. अचानक पॉवर गेल्याची नोंद दोन. दोन्ही वेळा सर्व्हिसिंगला गाडी दिली होती आणि चावी काढल्या काढल्या त्यांनी बॅटरीची पट्टी सोडली होती. आता बॉनेटच्या आत बॅटरीशेजारी कागद चिकटवला आहे: "चावी काढल्यावर दहा मिनिटं थांबून पट्टी सोडा."